माणसाचे हक्क, काही अपवाद वगळता

३ ऑगस्ट १७९३, शनिवार

आजपासून नियमित रोजनिशी. पुढेमागे इतिहासाला उपयोग होईल. अर्थात, ही कोणी वाचायची नाही.

मोठी बातमी: दोर्वान गावच्या देखरेख समितीवर लेखनिक म्हणून माझी निवड झाली. एकमताने. विरोधात कोणी उभंच नव्हतं. आधीचा लेखनिक परवाच्या सभेत अध्यक्षांना म्हणाला, ‘जरा मुद्द्याला धरून बोला.’ अध्यक्ष बुस्कारने त्याच्या डोक्यात खुर्ची घातली. तो वाचेल म्हणतात. लिहिणं मात्र संपलं.

बुस्कार पिंपं बनवतो. कमरेला लाकडी हातोडा, सभेतसुद्धा. त्याला लिहिता-वाचता येत नाही. म्हणजे खरी सूत्रं माझ्याच हातात.

माझं विगचं दुकान सध्या बंद आहे. जानेवारीत राजाचं डोकं उडाल्यापासून डोक्यावर काही घालायची लोकांची हौसच गेली. क्रांती पुरी झाली की गिऱ्हाईक परत येईल. माझा अंदाज, वसंतापर्यंत.

पेरीन म्हणाली, ‘अहो, आधीच्याचं डोकं फुटलेलं बघून तरी थांबायचं होतंत.’ बायकोला संधी दिसत नाही, फक्त खुर्ची दिसते.

संकल्प: हिवाळ्याआधी ग्रंथ पुरा करायचा. ‘माणसाचे हक्क आणि सरकारची हद्द’. सतरा कलमं. पहिलं तयार आहे: सरकार म्हणजे राखणदार. त्याने फाटकाशी बसावं. आत येऊन पातेल्यावरचं झाकण उचलू नये.

फार सुंदर जमलंय. तीनदा मोठ्याने वाचलं.

४ ऑगस्ट

ग्रंथ: प्रगती नाही. रविवार.

३० ऑगस्ट

पहिली घरझडती. वकिलाची विधवा, ओरिएलबाई. मुलगा सरहद्दीपलीकडे पळालेला, त्याची पत्रं येतात असा संशय. माझं कलम चार म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या घरात शिरू नये. म्हणून मी सगळ्यांना थांबवलं, दार नीट वाजवलं आणि परवानगी मागितली. वरच्या खिडकीतून सूप आलं. उकळतं. माझ्या डाव्या खांद्यावर.

मग बुस्कारने दार तीन घावांत मोडलं. चौथा घाव बाईंच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज अगदी सुक्या फाट्यासारखा येतो, हे मला माहीत नव्हतं. पत्र एकही सापडलं नाही. एक हॅम सापडलं, ते जप्त. समितीने तिथेच कापून खाल्लं. मीही दोन तुकडे खाल्ले, एकोपा राहावा म्हणून.

कलम चारला अपवाद जोडला: परवानगी मागितली असता सूप ओतल्यास ती मिळाली असं समजावं.

खांद्याची साल निघाली आहे. उजव्या हाताला काही नाही, हे नशीब.

२२ सप्टेंबर, रविवार

मेव्हणा एल्वा जेवायला. पेरीनचा धाकटा भाऊ, चौकातली बेकरी त्याची. गावात माझा ग्रंथ ऐकून घेणारा हा एकटा. झोपत नाही, प्रश्न विचारतो.

तो म्हणाला, ‘भावजी, मला शिकलेल्या माणसासारखं बोलता येत नाही. पण तुमचं ते राखणदाराचं मला पटतं. चोर आला तर सरकारने धरावा. माझ्या पिठाच्या पोत्यात हात घालायचा नाही.’

मी म्हणालो, कलम सहा नेमकं हेच आहे. त्याने पुन्हा वाचायला लावलं. वाचलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं (कांद्याचंही असेल).

जाताना हळूच म्हणाला की चार पोती त्याने मागच्या खोलीत लाकडांच्या ढिगाखाली ठेवलीत. आल्या हिवाळ्यात पिठाचे हाल होणार, तेव्हा म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना कामी येतील. साठेबाजीला आता मृत्यूची शिक्षा आहे, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. ‘घरात तुम्ही असल्यावर मला कसली भीती?’

खरंच आहे. मी आहे.

१० ऑक्टोबर

सरकारने पावाचा भाव ठरवून दिला, आणि गावातला पाव नाहीसा झाला. सकाळी बेकरीपुढे दोनशे माणसं. अकराला एल्वा म्हणाला, संपला. पहिला दगड धोबिणीने मारला. नंतर सगळ्यांनीच. एल्वा दारात आडवा उभा राहिला. कोणीतरी फुटक्या काचेने त्याचा कान फाडला, अर्धा लोंबत होता, तरी तो हटेना. एका बाईचा पाय गर्दीखाली चुरडला. तिच्या हातातलं टोपलं मात्र सुटलं नाही.

मी कणीक मळायच्या लाकडी परातीखाली होतो. लपलो नव्हतो. घटनेचं निरीक्षण मधूनच करावं लागतं.

नंतर पेरीनने दाभणाने भावाचा कान शिवला. मी दिवा धरला होता. ती म्हणाली, ‘दिवा हलतोय.’ वारा होता.

कलम नऊ (एकट्या माणसाचा गर्दीविरुद्ध हक्क) लिहायला घेतलं. पहिल्या ओळीच्या पुढे गेलं नाही. उद्या.

२० नोव्हेंबर

पॅरिसचं वारं: यापुढे कोणी कोणाला ‘तुम्ही’ म्हणायचं नाही. सगळे समान, सगळे ‘तू’. मी ठरावाला मनापासून पाठिंबा दिला आणि नमुना म्हणून भर सभेत बुस्कारला म्हणालो, ‘बुस्कार, तू चुकतोयस.’ त्याने हातोड्याचा दांडा माझ्या तोंडावर मारला. एक दात टेबलावर, एक पोटात. नंतर म्हणाला, ‘तू म्हणालास त्याचं काही नाही. चुकतोयस म्हणालास त्याचं.’ म्हणजे तत्त्व मान्य आहे.

पेरीनने समता ताबडतोब अंगीकारली. ‘अरे अमाब्ल, तोंड उघड, रक्त गिळू नकोस, गाढवा.’ ‘गाढवा’ ठरावात नव्हतं.

नवीन कॅलेंडरही सुरू झालंय. महिन्याला तीन आठवडे, आठवड्याला दहा दिवस. मला पाठ झालेलं नाही. या वहीत जुन्याच तारखा. पुढच्या महिन्यापासून बदलेन.

३ डिसेंबर

पेरीनने आज दुपारी दुकानाचं दार लावून घेतलं आणि मला बसवलं. म्हणाली, बुस्कारचा डोळा आता एल्वावर आहे. ओरिएलबाईंचा हात मोडल्यावर एल्वाने त्यांना रोज पाव पोचवला, ते बुस्कारच्या डोक्यात आहे. ‘तू त्याला गावाबाहेर जायचा दाखला लिहून दे. आत्ता. तो आजच मावशीकडे जाईल. एक कागद, अमाब्ल. तुझ्या हातात दुसरं आहे तरी काय?’

मी म्हणालो, दाखला मिळणं हा त्याचा हक्कच आहे. कलम अकरा: माणसाने कुठे जावं हे सरकारने विचारू नये. ती म्हणाली, ‘मग लिही.’

लिहिला. अक्षर उत्तम आलं. तिने माझ्या कपाळावर ओठ टेकवले. बऱ्याच दिवसांनी.

फक्त एक गोष्ट. नियमाप्रमाणे प्रत्येक दाखल्याची नोटीस चोवीस तास नगरभवनाच्या दारावर लावावी लागते. नाहीतर तो बेकायदा. आणि बेकायदा दाखल्यावर गेलेला माणूस वाटेत पकडला गेला तर? मी एल्वाच्या भल्याचाच विचार केला. संध्याकाळी पाचला नोटीस लावली. शिवाय बुस्कारला कुठे वाचता येतं?

४ डिसेंबर

बुस्कारच्या बायकोला वाचता येतं.

सकाळी सातला बेकरीची झडती. एल्वा गाठोडं बांधून, जोडे घालून तयार होता, दाखल्याची वाट बघत. बुस्कारने त्याला भिंतीशी दाबून विचारलं, पीठ कुठे? एल्वा काही बोलेना. हातोडा गुडघ्यावर. मग दुसऱ्या गुडघ्यावर. त्याने दात आवळले, पण शब्द नाही. माणूस खंबीर आहे, मला अभिमान वाटला.

मीही तोंड उघडलं नाही. हे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो. मी एक शब्दही बोललो नाही. लाकडांच्या ढिगाकडे फक्त बघितलं. एकदाच. तेही नकळत.

चार पोती. एल्वाला फरपटत नेलं. चौकातल्या दगडांवर त्याच्या जोड्यांचे दोन पट्टे उमटले होते.

५ डिसेंबर

पेरीन नोटिशीचा कागद दारावरून फाडून घेऊन आली. मला वाटलं, रडेल. तिने तो चुरगळून माझ्या तोंडात कोंबला. जिथे दात नाहीत तिथून आत गेला. म्हणाली, ‘चावून खा. नियमाप्रमाणे.’ मग चुलीतलं लाकूड उचललं. डाव्या हातावर दोन, पाठीवर मोजले नाहीत.

तिचं दुःख मी समजून घेतलं. हेही एक प्रकारे भाषणस्वातंत्र्यच.

मी अजूनही एल्वाला सोडवू शकतो. मार्ग आहे. योजना तयार.

९ जानेवारी १७९४

योजना अशी: आरोपपत्र मलाच लिहायचं आहे. त्यात एल्वाचं आडनाव चुकवायचं. ‘तिसॉ’च्या जागी ‘तेसॉ’. नाव चुकलं की कागद बाद, कागद बाद की माणूस मोकळा. साधं, कायदेशीर, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पेरीनला सांगितलं. पाच आठवड्यांत प्रथमच ती माझ्याकडे बघून बोलली: ‘हे तरी करशील ना रे?’ मी म्हणालो, झालंच समज.

दुपारी लिहायला बसलो. बुस्कार समोर, हातोडा मांडीवर. त्याला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. पण तो माझ्या हाताकडे बघत होता. ‘एल्वा’ लिहिलं. मग ‘ति’ आलं. ‘ते’ येईना. बावीस वर्षं मी ते नाव बरोबर लिहीत आलोय. लग्नाच्या कागदावर पेरीनचं माहेरचं नाव म्हणूनही मीच लिहिलं होतं. हात आपोआप वळला.

शिवाय चुकीचं नाव लिहिणं म्हणजे खोटा दस्तऐवज. ज्या राज्यात कागद खोटे, तिथे कोणाचेच हक्क सुरक्षित नाहीत. कलम तेरा.

न्यायाधीशांपुढे मी स्वतः उभा राहीन. ते जास्त परिणामकारक. भाषण: कलम एक, चार, सहा आणि अकरा. वीस मिनिटं. पेरीनला नावाचं अजून सांगितलेलं नाही.

१६ जानेवारी

जिल्ह्याहून न्यायाधीश आले आणि त्यांच्या मागोमाग बैलगाडीत यंत्रही आलं. पातं गवतात गुंडाळलेलं. खटल्याआधीच चौकात जोडायला घेतलं. एक बाजू तिरकी बसली, म्हणून चाचणीसाठी मेंढी आणली. मेंढी दोनदा कापावी लागली. ती अर्ध्या मानेने चौकभर पळाली, लोक हसत होते. मग सुतार बोलावला.

सुनावणी नगरभवनात. एल्वाला खुर्चीत बसवून उचलून आणलं, गुडघे चालत नाहीत. न्यायाधीशांनी नाव विचारलं, कागदाशी ताडून बघितलं. म्हणाले, बरोबर. मग विचारलं, ‘याच्या बाजूने कोणाला बोलायचंय?’

भाषण माझ्या डाव्या खिशात होतं. त्याच क्षणी नेमकं माझ्या पिसाच्या लेखणीचं टोक बोथट झालेलं होतं आणि मी ते तासत होतो. बोथट लेखणीने निकाल कसा लिहिणार? मान वर केली तोपर्यंत एक बाई बोलायला उभी राहिली होती. ओरिएलबाई, वाकड्या मनगटाची. म्हणाली, ‘या पोराने मला जगवलं.’ तिला दोघांनी बाहेर ओढलं. जिन्यावरून पडल्याचा आवाज आला.

पेरीन मागच्या बाकावर होती. ती ओरिएलबाईंकडे बघत नव्हती, न्यायाधीशांकडेही नाही.

शिक्षा: उद्या दहा वाजता.

वीस मिनिटांचं भाषण एवढ्या घाईत बसलंच नसतं.

१७ जानेवारी

निकालपत्र मी वाचलं. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला, असं दोघांनी मुद्दाम येऊन सांगितलं.

एल्वाला दोघांनी धरून वर नेलं. तो माझ्यापासून चार पावलांवर होता. शिवलेला कान अजून सुजलेला. म्हणाला, ‘भावजी, मागच्या खोलीचं छप्पर गळतंय. पेरीनला सांगा. आहे तेवढं पीठ पुढच्या खोलीत हलवू दे.’

रजिस्टरमध्ये अखेरच्या शब्दांचा रकाना असतो. मी लिहिलं: राजकीय स्वरूपाचे नाहीत.

पातं सरळ पडलं. सुतार चांगला आहे. रक्त माझ्या जोड्यांपर्यंत आलं आणि त्याची वाफ निघत होती, इतकी थंडी होती. मग मला ओकारी आली. सकाळचं कॉफीचं पाणी असेल.

निरोप योग्य वेळी सांगेन.

२ फेब्रुवारी

पेरीन बेकरीत राहायला गेली. एल्वाची बायको आणि ती मिळून चालवणार. जाताना तिने सांगितलं की छपराचं तिला शेजाऱ्यांनी सांगितलं, त्याच दिवशी. चौकात सगळ्यांना ऐकू आलं होतं. मी म्हणालो, मी सांगणारच होतो. ती म्हणाली, ‘तू सांगणारच असतोस.’

तात्पुरतं असावं. तिने हिवाळी कपडे नेले, उन्हाळी नाहीत.

(नंतर: उन्हाळीही नेलेत.)

ग्रंथ: कलमं तेरा, अपवाद एक्केचाळीस.

५ ऑगस्ट १७९४

पॅरिसमध्ये उलथापालथ! काल मोठमोठ्यांना जिथे पाठवत होते, तिथे आज पाठवणारेच गेले. गावभर घंटा. मीही वाजवली. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. माझी कलमं साक्षीला आहेत.

आता माझे दिवस येतील.

१२ मे १७९५

अटक. समितीच्या सगळ्यांना एकदम. नेताना जमावाने एकाचा डोळा फोडला. मला कोणी हात लावला नाही, ढकलाढकलीत फक्त टोपी पडली. आदर असणार.

धान्याच्या कोठारात कोंडलंय. बुस्कार कोपऱ्यात बसून असतो. हातोडा काढून घेतलाय. काल त्याने मला विचारलं, ‘पेरुशो, तू शिकलेला. माझ्या बाजूने काय बोलता येईल?’ मी त्याला कलम चौदा सांगितलं: आरोपीलाही हक्क असतात. तो म्हणाला, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’

संकल्प: खटल्यात मी सगळं स्वतःवर घेणार. या लोकांना विचार देणारा, कागद लिहिणारा मी. शिक्षा झाली तर ताठ मानेने. भाषण आता दोन तासांचं आहे, पूर्ण पाठ. इतिहासात एक पान मिळेल, कदाचित दोन.

३० मे

न्यायालयात नेण्याआधीच अंगणात लोक घुसले. बुस्कारला सोटे, कुऱ्हाडीचे दांडे, काय हाताला येईल त्याने मारलं. तो मोठा माणूस, मरायला वेळ लागला. शेवटी पिंपासारखा घरंगळत पायऱ्यांखाली गेला. ओरिएलबाईंच्या डाव्या हातात काठी होती. मारली नाही. बघत राहिली.

मग मला न्यायाधीशांपुढे नेलं. नवे न्यायाधीश, सर्दी झालेली. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. त्यांनी यादी बघितली. ‘पेरुशो. हा कोण?’

त्यांचा लेखनिक म्हणाला, ‘हा समितीत लिहायचा, साहेब.’

‘काय लिहायचा?’

‘सांगतील ते.’

‘स्वतःचं मत वगैरे?’

लेखनिकाने कागद चाळले. म्हणाला, ‘कुठे दिसत नाही.’

मी म्हणालो, मला मतं आहेत! सतरा कलमांचा ग्रंथ आहे! सगळे कागद माझ्या हातचे आहेत, तिसॉचं आरोपपत्रसुद्धा! न्यायाधीशांनी नाक शिंकरलं. म्हणाले, ‘ओरडू नका. तुम्ही सुटलात. पुढची केस घ्या.’

निकालात माझ्याबद्दल एक ओळ आहे. मी स्वतः वाचली: ‘निरुपद्रवी.’

अंगणातून बाहेर आलो. सोटेवाले अजून उभे होते, बाह्यांवर रक्त. मी थांबलो. मला वाटलं, आता. एकाने माझ्याकडे बघितलं, दुसऱ्याला काहीतरी विचारलं. दुसरा म्हणाला, ‘नाही रे, हा नुसता लेखनिक.’ त्यांनी वाट दिली.

सरळ बेकरीत गेलो. रांग होती. पुढच्या बाईला म्हणालो, मी मालकिणीचा नवरा. ती म्हणाली, ‘रांगेत उभे राहा.’ राहिलो. तासभर. माझा नंबर आला तेव्हा पेरीन बाह्या दुमडून उभी होती, कोपराखाली भाजल्याचा जुना डाग. मी म्हणालो, ‘पेरीन, मला सोडलं. निर्दोष.’

ती म्हणाली, ‘एक की दोन?’

‘एक,’ मी म्हणालो.

तिने दिला. माझ्या खांद्यावरून मागे बघून म्हणाली, ‘हं, पुढे कोण?’

पाव गरम होता. तिच्या मनात अजून काहीतरी आहे, हे त्यावरून उघड दिसतं. बाहेर येऊन मी माझ्या मागे उभ्या असलेल्या म्हातारीला थांबवलं आणि तिच्या पावाला हात लावून बघितला.

तोही गरम होता.